उन्हाची वाटणी

आमच्या पिंपळगाव राजात गच्ची कोणाच्याच घराला नाही. आमच्याकडे असतो तो स्लॅब. घर बांधताना ओततात तोही स्लॅब, आणि पुढे आयुष्यभर ज्याच्यावर माणसं झोपतात, मिरच्या वाळवतात, टाकी ठेवतात तोही स्लॅबच. घरात कोणी दिसलं नाही आणि "कुठी हाय?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "स्लॅबवर गेली."

आमचा स्लॅब दोन घरांवर मिळून एक आहे. वडिलांच्या मागे थोरल्या भावाची, म्हणजे दादाची, आणि माझी वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध विटांची भिंत घातली. खाली दोन दारं झाली, दोन स्वयंपाकघरं झाली, विजेचे दोन मीटर आले. भांडण नव्हतं. दोघांचे संसार वाढले, एवढंच. भिंत मात्र स्लॅबला टेकून थांबली. वर कोणी खडूची ओळसुद्धा आखली नाही. जिना एकच, तोही बाहेरून. तीच भिंत मनातल्या मनात वर नेली तर दक्षिणेकडचा अर्धा स्लॅब माझा आणि उत्तरेकडचा दादाचा, हे मला पक्कं माहीत होतं. मी खामगावला हिशेबाच्या टेबलावर नोकरी करतो, तेव्हा अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात. घरात बाकी कोणाच्या मनात ती भिंत वर गेलेली नव्हती, कारण उन्हाळ्यात अख्खा स्लॅब वहिनींचा असायचा.

वहिनी म्हणजे दादाची बायको. त्यांच्या खारोड्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध आहेत. ज्यांना खारोडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजरी भिजवून, भरडून, तिचा लसूण, मिरची, तीळ, जिरं घालून पहाटे मोठ्या पातेल्यात घट्ट घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच पाण्याचा हात लावून बोराएवढे तुकडे तोडायचे आणि जुन्या धोतराच्या कापडावर उन्हात टाकायचे. वाळली की कडक होते आणि वर्षभर टिकते. तळून खा, नाहीतर तशीच कच्च्या शेंगदाण्याबरोबर आणि कांद्याबरोबर खा. पण खरी चव अर्धवट वाळलेल्या खारोडीची. वरून कुरकुरीत, आत मऊ. ती बाजारात मिळत नाही. त्यासाठी स्लॅबवर जाऊन ओरडा खावा लागतो.

वहिनींच्या खारोड्यांचे डबे पुण्याला लेकीकडे जातात, साखरखेर्ड्याला दिलेल्या आमच्या बहिणीकडे जातात, माझ्या बायकोच्या माहेरी जातात. कोणाचा डबा आधी भरायचा, कोणाला तिखट कमी, कोणाला तीळ जास्त, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. वर्षातून एकदा चालणारा तो कारखाना आहे आणि त्याच्या मालकीण त्या एकट्या आहेत.

त्या जुन्या वळणाच्या आहेत असं मात्र कोणी समजू नये. मोबाइल त्या माझ्यापेक्षा चांगला चालवतात. घाटा कधी लावायचा हे त्या मोबाइलवर ढगांचा अंदाज पाहून ठरवतात. भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे द्यायला आमच्या घरात पहिल्यांदा त्याच शिकल्या. मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळं त्यांनी आनंदाने घेतलं. फक्त तयार खारोडीचं पाकीट घरात आलेलं त्यांना चालत नाही. एकदा माझ्या बायकोने खामगावच्या मोठ्या दुकानातून एक पाकीट आणलं होतं. वहिनींनी ते उजेडात धरून मागूनपुढून पाहिलं आणि परत दिलं.

"बाजरीचं कणीस भायेर हाय वो पाकिटावर," त्या म्हणाल्या. "आत नाई."

आता माझ्याकडे येतो. उन्हाळ्यात आमच्याकडे कूलरशिवाय माणूस राहू शकत नाही. कूलरबद्दल माझं मत चांगलं आहे. पाणी भरलं, गवताच्या ताट्या बदलल्या की तो तक्रार करत नाही. पण माझ्या बायकोचं मत असं की कूलर खोली थंड करतो आणि अंथरूण ओलं करतो, म्हणून तिला एसी पाहिजे होता. एसीला माझी हरकत नव्हती, हरकत होती एसी लागल्यावर येणाऱ्या विजेच्या बिलाला. मी पुष्कळ दिवस कागदावर बेरजा केल्या, सरकारी अनुदानाची माहिती वाचली, ज्यांच्याकडे सोलर लागलं होतं अशांच्या घरी जाऊन मीटर पाहून आलो, आणि शेवटी सोलर बसवायचं ठरवलं. सहा पॅनल, माझ्या हिश्श्याच्या स्लॅबवर, दक्षिणेकडे तोंड करून. हप्त्यावर नाही. जी वस्तू डोक्यावर ठेवायची ती आपल्या मालकीची असावी, असं माझं मत आहे.

दादाचं मत वेगळं होतं. तो ओट्यावर बसून म्हणाला, "काऊन बे, बिल येते तं भरून टाक ना. डोक्यावर काच कायले घेऊन राह्यला?"

"काच नाई दादा, पॅनल हाय."

"चमकते ना?"

"हो."

"मंग काचच. गारा पडल्या का समजंन तुले."

दादाचा विजेवर चालणाऱ्या कोणत्याच नव्या वस्तूवर विश्वास नाही, फक्त टीव्ही सोडून. टीव्ही त्याने गावातला सगळ्यात मोठा घेतला आहे, आणि तो घेताना त्याने माझा सल्ला विचारला नव्हता.

वहिनींनी विरोध केला नाही. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. मी स्लॅबवर टेप घेऊन मोजमाप करत होतो आणि त्या कपडे वाळत घालत होत्या.

"भाऊजी, एक इचारू का?"

"इचारा ना."

"वाटणीत सारं मोजलं. भिंत मोजली, न्हाणी मोजली, अंगणातला हौदबी मोजला. ऊन कोणाच्या हिश्श्यात आलं?"

मी जरा विचार करून म्हणालो, "ज्याचा स्लॅब, त्याच्यावर पडते ते ऊन त्याचं."

"असं काय!" त्या चिमटा लावत म्हणाल्या. "म्हंजे सूर्य हजर होता वाटणीले. मले वाटलं, त्याले कोणी बोलावलंच नोतं."

त्यांचा प्रश्न थट्टेचा नव्हता, हे मला कळलं. माझा अर्धा स्लॅब चौदा फूट बाय वीस. त्यावर पाण्याच्या दोन्ही टाक्या, जिन्याचं तोंड आणि आता सहा पॅनल. उरत होत्या त्या फक्त चालायच्या पट्ट्या. म्हणजे खारोड्या दादाच्या अर्ध्यावर जाणार. तिथे ऊन पुरेल का, एवढाच प्रश्न होता, आणि पुरलं नाही तर वहिनींचा कारखाना बंद. म्हणून मी ते नीट तपासलं. रविवारचा अख्खा दिवस स्लॅबवर काढला. सकाळी, दुपारी, संध्याकाळी दादाच्या हिश्श्यावर कुठे कुठे सावली येते ते खडूने आखलं. सावली जवळजवळ आलीच नाही. अंगणातल्या कडुलिंबाची सावली पलीकडे गल्लीत पडत होती.

"वहिनी, तुमच्या अर्ध्यावर दिवसभर ऊन हाय," मी सांगितलं. "मी मोजलं."

"तुमी मोजलं म्हंजे असंनच," त्या म्हणाल्या.

हे पौष महिन्यातलं बोलणं आहे.

माघ संपता संपता पॅनल लागले. बसवणारे गृहस्थ खामगावचे, बोलायला नम्र, प्रत्येक वाक्याला 'सर' लावणारे. त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि जाताना माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात आपल्या छपरावर या क्षणी किती वीज तयार होते ते दिसतं. सकाळी आलेख जमिनीलगत असतो, मग हळूहळू चढतो, दुपारी डोंगर होतो, संध्याकाळी उतरतो. मला सिगारेट नाही, तंबाखू नाही, क्रिकेट नाही. पण तो डोंगर पाहायची सवय मला लागली. ऑफिसात चहा आला की मी मोबाइल काढायचो. शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायचे, "काय साहेब, शेअर बाजार?" मी म्हणायचो, "नाही, छप्पर."

बायकोला एसी मिळाला. पहिल्या रात्री तिने पांघरूण मागितलं आणि ते मागताना मला तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो लग्नातही पाहिल्याचं आठवत नाही.

मग चैत्र आला.

कडुलिंबाची पानं फाल्गुनात गळतात आणि चैत्रात झाड पुन्हा भरून येतं. हे मला लहानपणापासून माहीत आहे. सूर्य उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो, हे तर शाळेत शिकलो. पण या दोन गोष्टी मी एका जागी कधी ठेवल्या नव्हत्या. पौषात आग्नेयेकडून वर येणारा सूर्य चैत्रात कडुलिंबाच्या मागून वर येऊ लागला. झाड हिरवंगार, दाट. दादाच्या अर्ध्या स्लॅबवर सकाळभर सावली. दुपारी ऊन येई तोवर खारोडीचा ओला वास घेऊन चिमण्या, साळुंक्या, कावळे सगळे फांदीवर हजर. वहिनींनी पहिला घाटा टाकला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खारोड्या आतून चिकट, वरून कडुलिंबाची फुलं चिकटलेली, आणि कडेच्या दोन ओळींवर पाखरांनी काय केलं ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशीचा वास आला. वहिनींनी पूर्ण धोतर गुंडाळलं आणि गायीपुढे ठेवलं.

मला हे संध्याकाळी कळलं. मी वर जाऊन पाहिलं. खडूने आखलेली माझी पौषातली पुसट रेघ अजून तिथे होती. सावली तिच्या कुठल्या कुठे पुढे गेली होती.

"दादा, फांदी छाटू का एखादी?" मी विचारलं.

दादा काही बोलण्याआधी वहिनीच म्हणाल्या, "झाडाले हात लावू नोका. सारं अंगण त्याच्या सावलीत बसते. झाड त्याच्या जागी बराबर हाय. बाजरीच उगीच वर गेली."

"मंग?"

"मंग काय. यंदापासून बंद. लोकं पाकीट आणतेत, आपुनबी आणू."

त्या हे हसत म्हणाल्या. पण रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी डबे धुऊन माळ्यावर टाकले. पुण्याच्या लेकीला फोनवर सांगितलं, "यंदा नाई वो माय, दुकानातून घेजो." साखरखेर्ड्याहून बहिणीचा मला फोन आला, "दादाच्या घरी सारं ठीक हाय ना? खारोड्या बंद म्हंते वहिनी!" जणू कोणाचं ऑपरेशन झालं असावं अशा आवाजात ती बोलत होती. मी म्हणालो, ठीक आहे, फक्त ऊन कमी पडलं. ती म्हणाली, "पिंपळगावात? चैतात? ऊन?"



माझ्या बायकोने त्या आठवड्यात खरंच पाकीट आणलं. दादाने एक खारोडी तोंडात टाकली, चावली, आणि तोंडातली तशीच ठेवून विचारलं, "हे गिळाले सांगतलं हाय का पाकिटावर?"

आठ-दहा दिवस गेले असतील. एक दिवस ऑफिसात चहाच्या वेळी मोबाइल उघडला तर डोंगराला खड्डा पडलेला. सकाळचा चढ बरोबर, मग एकदम खाली, आणि तिथून सपाट. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आकाश स्वच्छ, डांबर वितळेल असं ऊन. संध्याकाळी चारनंतर आलेख जरा वर आला आणि मग नेहमीसारखा मावळला. घरी जाऊन विचारलं, "दुपारी लाइट गेली होती का?"

"नाई बा," बायको म्हणाली.

"कोणी वर गेलं होतं?"

"कपडे आणाले गेलती मी."

तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आता आठवतं, तर नेहमीपेक्षा जरा जास्तच काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मी पॅनल बसवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "सर, धूळ असंल." मी म्हणालो, धूळ सकाळी दहाला येऊन संध्याकाळी चारला परत जात नाही. ते म्हणाले, "कबुतरं बसत असतील, सर." मी म्हणालो, एवढी वीज अडवायला कबुतर नाही, म्हैस बसावी लागेल. शेवटी ते म्हणाले, आपण दोघं जाऊन पाहू. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांच्या गाडीवर मागे बसून भर दुपारी पिंपळगावला आलो.

खाली दादा ओट्यावर बसला होता. आम्हाला पाहून त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हाच मला काहीतरी समजायला पाहिजे होतं.

जिना चढून वर आलो. सहाही पॅनलवर पांढरी स्वच्छ धोतरं ताणून, कडेला कपड्यांचे चिमटे लावलेले, आणि त्यांवर वरपासून खालपर्यंत खारोड्या. ओळी इतक्या सरळ की फूटपट्टी लावून टाकल्यासारख्या. पॅनल उतरते आहेत, पापड असते तर घसरून खाली आले असते, पण ओली खारोडी जिथे टाकली तिथे चिकटते. एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला माझी बायको, दोघींच्या हातात पातेलं, डोक्यावर पदर.

वहिनींनी आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊजी, चपला काढा. खायाची वस्तू हाय."

सोलरवाले माझ्याआधी चपला काढून मोकळे झाले आणि लगेच पुन्हा घालून उभे राहिले, कारण स्लॅब तव्यासारखा तापला होता.

"वहिनी, हे काय करून राह्यल्या?"

"दिसून राह्यलं ना. वाळवण."

"पॅनलवर?"

"मंग कुठी? तुमच्या डोक्यावर टाकू?" त्यांनी माझ्या टकलाकडे पाहिलं. "ऊन तठी चांगलं लागते, पण जागा कमी पडते."

माझी बायको पदर तोंडाशी धरून हसायला लागली. मी तिला म्हणालो, "आन तुबी?"

"म्याच सांगतलं जाऊबाईंले," ती म्हणाली. "त्या तं नाईच म्हणत होत्या. म्या म्हणलं, ती काच सकाळपासून तापून राह्यते, भाकर भाजंन अशी. आन पाखरूबी येत नाई, चटका बसते त्याच्या पायाले. एका दिवसात वाळली पाहा पहिली खेप."

"अवो, पण त्यानं वीज बंद पडते!"

"एसी तं चालू हाय खाली," बायको म्हणाली.

ते खरं होतं. एसी बाहेरच्या विजेवर चालू होता आणि बिल माझ्या नावावर.

मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, पॅनल माह्ये हायेत. इचारायचं तरी."

"पॅनल तुमचे," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्या कुठी तुमच्या काचेले हात लावला? धोतरावर टाकल्या. धोतर तुमच्या भावाचं. बाजरी माही. राह्यलं ऊन. आन तुमी म्हणले होते माह्या अर्ध्यात दिवसभर ऊन हाय. ते काई भेटलं नाई. मंग म्या माह्या वाटचं जिथं भेटलं तिथून घेतलं."

सोलरवाले गृहस्थ दुसरीकडे पाहू लागले.  मी हिशेबाच्या टेबलावरच्या माणसासारखी मनात बेरीज करून पाहिली, तर वहिनींचं म्हणणं बरोबर येत होतं.

त्यांनी एका कोपऱ्यातल्या आदल्या दिवशीच्या खारोड्या चाचपल्या, चार उचलल्या आणि सोलरवाल्यांच्या हातावर ठेवल्या. "घ्या भाऊ. आले तं खाऊन पाहा."

त्यांनी खाल्ल्या. मग आणखी हात पुढे केला. मग ते म्हणाले, "ताई, चव एक नंबर हाय. पण सर सांगतेत ते खरं हाय. एका पॅनलवर सावली पडली का सारी ओळ ढिली पडते. वर मीठ लागते, तिखट लागते, काच खराब होते. रोजचं करसान तं पॅनल जातीन."

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं. "मंग ठीक हाय. ही खेप वाळू द्या. उद्यापासून नाई."

पुन्हा तेच हसणं. माळ्यावर डबे टाकतानाचं.

जिन्यावरून कोणीतरी खाकरलं. दादा वर आला होता. तो स्लॅबवर वर्षात एकदाही येत नाही, गुडघे दुखतात म्हणून. त्याने चारी बाजूला पाहिलं आणि मला विचारलं, "किती पॅनल काढले तं हिचं काम भागंन?"

मी मोजलं. दोन धोतरं शेजारी शेजारी पसरायला आठ फूट बाय आठ फूट. "कडेचे दोन."

"मंग काढ. अन माह्या टिनावर लाव."

दादाच्या अंगणात पुढच्या बाजूला ट्रॅक्टरचं शेड आहे. वरती टिनपत्रे, उतार दक्षिणेला, कडुलिंबापासून दूर. वाटणीत ते शेड त्याच्याकडे गेलं होतं. मी तिकडे पॅनलसाठी कधी पाहिलंच नव्हतं, कारण ते माझं नव्हतं.

"पण दादा, टिन तुह्यं हाय."

"अन हा स्लॅब तुहा हाय. दे तिले इथलं ऊन, घे माह्यावालं तिकडचं. झाली वाटणी." मग त्याने खाली शेडकडे पाहिलं. "फक्त टिनाले भोकं पाडू नोका. पावसात ट्रॅक्टर भिजंन."

"भोकं न पाडता बसते, काका," सोलरवाले म्हणाले. "क्लॅम्प असते त्याले."

"मंग बसवा."

 वहिनींनी पातेलं पुन्हा उचललं आणि उरलेला घाटा संपवायला लागल्या. पण त्या वेळी त्या ओळी जरा वाकड्या टाकत होत्या, हे माझ्या लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात दोन पॅनल खाली उतरले आणि टिनावर गेले. उताराचा कोन वेगळा असल्यामुळे त्यांना वेगळा छोटा इन्व्हर्टर लावावा लागला, आणि त्याचा आलेख मोबाइलमध्ये वेगळा दिसू लागला. स्लॅबवर जिथून पॅनल काढले तिथली चौकट सिमेंटने सपाट करून घेतली. वहिनींनी तिथे धोतरं पसरली आणि डबे माळ्यावरून खाली आले. पुण्याच्या लेकीला पुन्हा फोन गेला, "नको घेऊ वो दुकानातून, पाठवून राह्यली मी."

या सगळ्यात मी एक गोष्ट धरली नव्हती, ती म्हणजे दादा. तो एक दिवस माझ्यासमोर मोबाइल ठेवून म्हणाला, "ते तुह्यं छपराचं हाय ना, ते टाक बरं याच्यात."

"तुले कायले पाह्यजे?"

"काऊन? टिन कोणाचं हाय?"

टाकून दिलं. तेव्हापासून मला ऑफिसात फोन येतात. "काय बे, आज तुह्या स्लॅबनं पोट भरलं का?" मी सांगतो, दादा, माझे चार पॅनल आहेत, तुझ्या टिनावर दोन, तुलना होत नाही. तो म्हणतो, "पॅनलमागं पाहाय ना! भागाकार तुले येते म्हणून सांगतं ना लोकायले." मी भागाकार करतो. त्याच्या टिनाचा उतार जरा बरा आहे, पॅनलमागे तो थोडा पुढे जातो. हे त्याला मी सांगितलं नसतं तरी त्याने शोधून काढलंच असतं. आता पॅनलवर धूळ बसली की तोच शिडी मागवतो, आणि ओट्यावर आलेल्या प्रत्येकाला सांगतो, "काच नोय बाप्पा ते, पॅनल हाय."

गेल्या रविवारी दुपारी मी स्लॅबवर गेलो होतो. वहिनींची दुसरी खेप अर्धवट वाळली होती. मी शेंगदाणे खिशात घालूनच गेलो होतो. वहिनी टाकीच्या सावलीत पिढ्यावर बसून राखण करत होत्या. मी धोतराच्या कडेला उकिडवा बसलो आणि एका कोपऱ्यातून खारोड्या वेचायला लागलो. कडेची ओळ तोडायची नाही, मधून मधून उचलायची, म्हणजे कमी झाल्या हे लवकर दिसत नाही. हे तंत्र लहानपणापासूनचं आहे.

"भाऊजी."

"अं?"

"खा तुमी, खायाले ना नाई. पण सरका तिकडं. माह्या उन्हात तुमची सावली पडून राह्यली."

मी खाली पाहिलं. माझी सावली खरंच धोतरावर आली होती, टकलासकट, आणि तिच्यात पाच-सात खारोड्या गार पडल्या होत्या. मी उठलो, चौकटीच्या बाहेर माझ्या हिश्श्याच्या पट्टीवर जाऊन बसलो, आणि हात लांब करून उरलेल्या वेचल्या.